खुंटाचा फुटवा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, पहिला चहा होऊन गेलेला आणि दुसरा अजून व्हायचा अशा वेळी, तिला कळलं की आपल्या जन्माच्या आठवड्यात लावलं म्हणून घरात सांगितलं जाणारं बदामाचं झाड निदान दीडशे वर्षांचं आहे. कोणी येऊन सांगितलं असं नाही. पडद्यावर दोन ओळी होत्या, एकीखाली एक, आणि त्या ओळींतले रंगीत चौकोन पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे होते. प्रयोगशाळेतली सगळी आकडेमोड जिच्याकडे होती आणि जिला म्हणूनच सगळे आकडेवाली म्हणत, ती खुर्चीची चाकं सरकवत जवळ आली. "ताई, घोटाळा झालाय बघा. एकच झाड दोनदा भरलंय." "दोनदा नाही भरलं मी." "मग अदलाबदल?" "होऊ शकते," असं ती म्हणाली खरी, पण होऊ शकत नव्हती. चोवीस वर्षांत तिच्या हातून एकाही नळीची अदलाबदल झाली नव्हती. वरची ओळ 'पातळसाल'ची होती, म्हणजे कुठल्याही रोपवाटिकेत मिळणारा, हातानं फुटणारा, सगळ्यांना ठाऊक असलेला गोड बदाम. खालची ओळ दादा अजून राहत होता त्या लहानपणच्या घराच्या परसातल्या झाडाची. ती पानं तिनं मागच्या महिन्यात सहज तोडून आणली होती. नमुने भरायच्या शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत शेवटचा एक खळगा रिकामा राहत होता आणि रिकामा खळगा तिला बघवत नसे. तेवढंच कारण.

आकडेवाली चहाला गेली. ती बसून राहिली. बोटांना अजून रबरी हातमोज्यांतल्या पावडरीचा वास होता. बदामाचा इतिहास शोधायचं काम त्यांच्याकडे तीन वर्षांपासून होतं आणि ते ती कोणालाही चार वाक्यांत समजावून देऊ शकत असे. रानातला बदाम कडू असतो, नुसता कडू नाही, विषारी. कधीतरी हजारो वर्षांपूर्वी एखाद्या झाडात एक अक्षर बदललं, कडवटपणा तयार करा असा जो निरोप झाडाच्या आत फिरतो तो अडला, आणि बी गोड झालं. कोणीतरी ते खाल्लं, मेलं नाही, म्हणून दुसरं खाल्लं, आणि खिशात चार टाकून घरी आणले. पुढचा सगळा इतिहास त्या चारांचा. फक्त त्यात मेख अशी की गोड झाडाचं बी लावलं तर गोडच झाड येईल याची खात्री नसते. गोड झाडाच्या पोटात एक गोड आणि एक कडू असा दुहेरी निरोप असू शकतो, आणि दोन्हीकडून कडूच वाट्याला आला तर पोर कडू निपजतं. म्हणून माणसं बी लावायचं सोडून कलमं करू लागली. कलम केलेलं झाड हे नवं झाड नसतंच. तेच जुनं झाड दुसऱ्याच्या पायांवर उभं राहून पुढे जगत असतं. दीडशे वर्षांपूर्वीची पातळसाल आज लाखभर परसांतून उभी आहे आणि ती सगळी मिळून एकच आहे. त्यातली एक दादाच्या परसात आहे. याचा अर्थ अगदी साधा होता. बाबांनी बी लावलंच नव्हतं. रोपवाटिकेतून तयार कलम आणलं होतं आणि शेहेचाळीस वर्षं थाप मारली होती.

तिला धक्का बसायचं काही कारण नव्हतं. बाबा थापाडे होते हे ती बोलायला लागायच्या आधीपासून तिला माहीत असावं. वजनकाटे विकत गावोगाव फिरायचा त्यांचा धंदा, आणि काटे खरे, माणूस खोटा, असं मावशी तोंडावर म्हणायची. बाबाही हसायचे. त्यांनी पुरात पोहून टपाल पोचवलं होतं, एका मंत्र्याला न ओळखता रांगेत मागे ढकललं होतं, तरुणपणी त्यांना गाण्यासाठी बोलावणं आलं होतं. घरात कोणी खोडून काढत नसे, कारण खोडून काढलं की थाप आणखी लांबे. आई तर भाजी निवडता निवडता नुसतं "हो का" म्हणायची, आणि त्या "हो का"त ना विश्वास असायचा ना अविश्वास, दाराची कडी लावल्यासारखा तो शब्द असायचा. आई स्वतः शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेची भांडी धुणं, चिठ्ठ्या लावणं, कपाटाला कुलूप. ती कधी खोटं बोलली नाही. बाहेर कोणी विचारलं की नवरा कुठे असतो तर "फिरतीवर" एवढंच सांगायची, आणि ते खरंच असायचं.

पण झाडाची गोष्ट तिनं थापांत धरली नव्हती. का धरली नव्हती ते आता सांगता येईना. बाबा सांगायचे, तू जन्मलीस तेव्हा मी इथून दोन दिवसांच्या वाटेवर होतो, घाट चढताना मोटार बंद पडली, डोंगरउतारावर उजाड माळ आणि मधोमध वाकडीतिकडी पाचसात झाडं, त्यातल्या एकाखाली बसलो, भूक लागली होती, खाली पडलेले बदाम दगडानं फोडून खाल्ले, गोड होते, एक खिशात टाकला, घरी आलो तर तू आलेली, मग परसात खळगा केला आणि तुझ्या नावानं लावला. एवढंच. यात पूर नव्हता, मंत्री नव्हता, बाबांचा पराक्रम काहीच नव्हता. त्यांनी नुसतं बसून बदाम खाल्ले होते. थापेत माणूस स्वतःला उंच करतो, इथं उंच होणं नव्हतं, म्हणून लहानपणी तिनं ती गोष्ट वेगळ्या कप्प्यात ठेवली असणार. पाहुण्यांच्या ओंजळीत बदाम घालत बाबा म्हणायचे, "घ्या, आमच्या पोरीएवढं झाड आहे," आणि ती दारात उभी राहून झाडाएवढी होण्याचा प्रयत्न करायची. ह्याच विषयात ती पुढे शिकली, त्यामागे ते झाड होतं असं तिनं नोकरीच्या मुलाखतीत सांगितलंही होतं. समोरच्या तिघांनी माना डोलावल्या होत्या. आता ते आठवून तिला कानशिलांत ऊब जाणवली. म्हणजे आपणही मुलाखतीत थाप मारली. फक्त आपली नव्हती, दुसऱ्याची होती, आयती मिळालेली.

दुपारी दादाचा फोन आला. त्याची बदली झाली होती, महिनाअखेरीला ते भाड्याचं जुनं घर सोडायचं होतं, आणि नव्या ठिकाणी कंपनीचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. त्याच्याकडे राहणारे बाबा ब्याऐंशीचे. "छोटे, मी तुला भरीला घालत नाही," दादा म्हणाला. तो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा आणि कायम कोणाला तरी भरीला घालत नसलेला. "तुझ्याकडे नेणार असशील तर उत्तमच. नसशील तर वृद्धाश्रमात एक खोली मोकळी आहे, स्वच्छ आहे, मी बघून आलो. फक्त दोघांची सही लागते." आठवडाभर ती या प्रश्नाला बगल देत होती. आता खिडकीच्या काचेवर एक माशी वर चढत होती, घसरत होती. तिकडे बघत ती म्हणाली, "खोली घेऊन टाक. शनिवारी येते सहीला." दादा म्हणाला, "बरं." त्याला सुटल्यासारखं वाटलं की वाईट, ते त्या "बरं"वरून कळलं नाही.

फोन ठेवल्यावर तिला त्या किल्लीची आठवण झाली. खरं तर ती किल्ली मनात नेहमी जवळपासच असायची. आई इस्पितळात शेवटचे सहा दिवस होती तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बाबांचा निरोप आला होता, निघालोय, वाटेत गाडी बिघडलीय. चौथ्या दिवशीही गाडी बिघडलेलीच होती. आई गेल्यावर तीन तासांनी ते आले, दाढी वाढलेली, डोळे लाल, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले. आठवड्यानं त्यांचा कोट झटकताना खिशातून पितळी बिल्ला लावलेली किल्ली पडली. बिल्ल्यावर लॉजचं नाव, खोली अकरा. ते लॉज इस्पितळापासून तीन गल्ल्यांवर होतं. तिनं जाऊन किल्ली परत केली तेव्हा गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "बरं झालं आणलीत. चार दिवस होते साहेब. जेवायलासुद्धा खाली उतरले नाहीत." हे तिनं कोणाला सांगितलं नाही, दादालाही नाही. बाबांना तर नाहीच. सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं, आणि त्यांनी जे काही सांगितलं असतं ते ऐकायला तिची तयारी नव्हती. इतकी वर्षं ती त्यांच्याशी नीट वागली. औषधं पाठवली, चष्मे बदलून दिले, वाढदिवसाला फोन केला. नीट वागणं हे किती लांबचं वागणं असतं हे त्यांना कळत होतं की नाही कोण जाणे.

शनिवारी ती दादाकडे गेली. बसक्या घरांची रांग, प्रत्येकामागे चादरीएवढं परस. घरात खोकी भरून ठेवलेली, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. बाबा मागच्या पायरीवर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, नव्या मोज्यांत. सामानासारखंच त्यांनाही कोणीतरी नीट बांधून ठेवलं होतं. "आलीस?" ते म्हणाले. "मला कळलंय सगळं. मीच म्हटलं थोरल्याला, मला वृद्धाश्रमातच बरं. तिथला मुख्य डॉक्टर माझा जुना ओळखीचा." डॉक्टरांच्या ओळखीची ही थाप एवढी अशक्त होती की तिला खोडावीशीही वाटली नाही. ती झाडापाशी गेली. कंबरेएवढ्या उंचीवर खोडाला जाड वळसा होता, वर एक साल, खाली दुसरी, खालची जास्त काळी आणि भेगाळलेली. लहानपणी चढताना पहिला पाय इथंच पडायचा. हजारो झाडांचे असे कलमाचे सांधे तिनं पाहिले होते, वह्यांत त्यांची चित्रं काढली होती, आणि हा एक रोज पायाखाली असून सांधा म्हणून कधी पाहिला नव्हता. वहिनी वाकून खोडाच्या बुडाशी काहीतरी उपटत होती. "हे बघ ना," ती म्हणाली, "दरवर्षी येतात मेले फुटवे. तुझे दादा म्हणतात मोडून टाकत जा, झाडाची ताकद खातात. आता घर सोडायचं तरी माझा हात थांबत नाही." तिच्या मुठीत चारपाच कोवळ्या काड्या होत्या. पानं अरुंद, जरा राखाडी झाक असलेली. पातळसालीची पानं अशी नसतात.

ती पानांकडे बघत राहिली. हे फुटवे सांध्याच्या खालून आलेले, म्हणजे खुंटाचे, ज्या मूळ झाडावर कलम बसवतात त्याचे. रोपवाटिकेतलं कलम असतं तर सांधा जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा होता आणि खुंट त्यांच्या ठरलेल्या जातीचा. कंबरेएवढ्या उंचीवर कोणी कलम करतं ते चारपाच वर्षांचं वाढलेलं झाड कापून. म्हणजे आधी इथं झाड होतं. "ह्या मला दे," ती म्हणाली, आणि ओल्या रुमालात गुंडाळून काड्या पर्समध्ये ठेवल्या. पायरीवरून बाबांनी विचारलं, "पानं कशाला गं?" "कामाला." "डोंगरउतारावरच्या झाडाचं बी आहे ते," ते तिला म्हणाले, जणू ती पहिल्यांदाच ऐकत होती. "मोटार बंद पडली होती." आत दादानं कागद टेबलावर पसरले होते, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केलेली. ती फुलीकडे बघून म्हणाली, "पुढच्या शनिवारी करते." "पुढच्या शनिवारी? छोटे, ती खोली काय माझ्यासाठी अडून बसणार आहे?" "एक आठवडा बसेल." तिनं कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. झाडाच्या पानांवरून बापाचं काय करायचं ते ठरवतेय, असं कोणत्या तोंडानं सांगणार.

सोमवारी तिनं पानं गोठवून खलात कुटली. गोठवलेली पानं कुटताना साखर दळल्यासारखा आवाज होतो आणि खलातून पांढरा गार धूर हातावरून सांडतो. एरवी हे काम करताना ती गाणं गुणगुणायची. त्या दिवशी तोंडात एक कडू चव आली, कुठून कोण जाणे, जिभेच्या मुळाशी, आणि तिनं खल ठेवून दिला. पाच वर्षांची ती, परसात उकिडवी, आई तिच्या तोंडात बोटं घालून काहीतरी बाहेर काढतेय, पाणी ओततेय, "थुंक, थुंक, सगळं थुंक," आणि आईचा आवाज कधी नव्हे एवढा पातळ. मग उलटी, मग गार फरशी गालाला. ही आठवण तिच्याजवळ नेहमी होती, पण ती औषधाची आठवण आहे असं ती धरून चालली होती. कडू औषध, लहान मूल, आई, जुळणाऱ्या गोष्टी. आता खलातल्या हिरव्या पिठाकडे बघताना ती आठवण औषधाची राहिली नाही.

गुरुवारी निकाल आला. आकडेवालीनं दोनदा पाहून सांगितलं, "ताई, हे वेगळंच झाड आहे. पातळसालीशी काही नातं नाही. कडव्याचे दोन्ही निरोप, दोन्हीकडून कडू. आणि गंमत सांगू? याची आई आपल्याकडे आहे." "आपल्याकडे?" "एक्केचाळीस नंबर. घाटावरच्या डोंगरउतारावरनं गेल्या वर्षी आणलं होतं ना, एकटी पाचसात झाडं होती ती? त्यातलं. प्रत्येक ठिकाणी अर्धं जुळतंय, शंकाच नाही. एक्केचाळीस गोड आहे, पण पोटात कडू लपवून बसलंय. पोर कडू निघालं." आकडेवाली हसली. "कोणीतरी तिकडून बी उचलून आणलं असणार." ती म्हणाली, "हो. मोटार बंद पडली होती." आकडेवालीनं तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. चांगली मुलगी होती.

तर बाबा खरं बोलत होते. घाट, माळ, पाचसात झाडं, गोड बदाम, खिशातलं एक बी, सगळं खरं. मग कापलं कोणी, सालीत गोडाचा डोळा भरून कलम केलं कोणी? घरात तेव्हा दोन मुलं होती, एक पाच वर्षांचं आणि एक आठ, आणि तिसरी आई. तिला हसू येईना, रडूही येईना, नुसतं आत काहीतरी जड सामान एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला हलवल्यासारखं झालं. अर्धा दिवस रजा टाकून ती मावशीकडे गेली. मावशी आईची धाकटी बहीण, आता कानानं कमी, पण बोलणं तेवढंच धारदार. तिनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला.

"तुझ्या यंत्रात हेही दिसतं?" मावशी म्हणाली. "मग आता लपवून काय करू. तू पाच वर्षांची होतीस. झाडाला पहिल्यांदा बदाम लागले, मूठभर. भावोजी फिरतीवर, तीन महिने पत्ता नाही. तू दोन खाल्लेस आणि निळी पडलीस. ताईनं तुला पालथी घालून सगळं काढलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ही बाई करवत घेऊन उभी. मी म्हटलं, बुडापासून काप, जळो ते झाड. तर म्हणाली, नाही, कापून टाकलं तर त्यांना सांगावं लागेल."

"मग सांगायचं की. कडू निघालं म्हणून सांगायचं. त्यात बाबांचा काय दोष?"

"मीही तेच म्हटलं," मावशी म्हणाली. "तुझी आई म्हणाली, आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी जशी झाली तशी सांगितली आहे, तीच नेमकी कडू निघाली असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? मग शाळेतल्या बागकामाच्या मास्तरांकडून डोळा भरायला शिकली. पहिले सगळे वाळले. पुढच्या वर्षी दोन धरले. भावोजींना सांगितलं, कीड लागली होती, छाटलं. त्यांनी काय आकांडतांडव केलं होतं, आठवडाभर बोलले नाहीत तिच्याशी. ती आपली 'हो का' म्हणत भाजी निवडतेय." मावशी हसायला लागली. "दोन वर्षांनी गोड बदाम आले. हा माणूस गावभर वाटत फिरला. ताई दारात उभी राहून बघायची. मी एकदा विचारलं, अगं, वाईट नाही वाटत? म्हणाली, मला कंटाळा आलाय गं वाद घालायचा, आणि बदाम चांगले आहेत."

घरी परतताना ती दोन थांबे आधीच बसमधून उतरली आणि चालत गेली. दुकानांच्या काचांमधून तिचीच आकृती बरोबर चालत होती, मध्येच तुटत, परत जुळत. आईला ती खरं बोलणारी बाई म्हणून ओळखत आली होती आणि बाबांना खोटं बोलणारा माणूस म्हणून. या दोन ओळींवर तिनं बरंच काही उभं केलं होतं. आता ओळींची अदलाबदल झाली असंही नव्हतं. लॉजची खोली अकरा होतीच. आईचं कुलूप लावलेलं कपाटही होतं, आणि त्यात एवढं मोठं खोटं नीट चिठ्ठी लावून ठेवलेलं होतं. तिला आईचा राग आला, पहिल्यांदाच, आणि तो राग बराच वेळ टिकला, घराचा जिना चढेपर्यंत. दाराशी चप्पल काढताना तिच्या मनात आलं की लॉजच्या त्या खोलीत चार दिवस न जेवता बसलेल्या माणसाला काय म्हणायचं हे आपण कधी ठरवलंच नव्हतं. आपण फक्त किल्ली परत केली होती. तिनं दादाला फोन करून सांगितलं, "खोली सोड. मी आणते त्यांना." दादा म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. पहिल्या मजल्यावर राहते मी. जिना रुंद आहे."

बाबा आले, दोन बॅगा आणि एक जुना पितळी तराजू घेऊन. पहिले दोन दिवस ते पाहुण्यासारखे वागले, पाणीसुद्धा विचारून प्यायले. तिसऱ्या दिवशी, रविवारी, न्याहारी झाल्यावर तिनं त्यांना सांगितलं. अहवाल सांगावा तसं क्रमानं सांगितलं, एक्केचाळीस नंबर, कडव्याचे दोन्ही निरोप, उलटी, करवत, बागकामाचे मास्तर. सांगावं की नाही यावर तिनं दोन दिवस घालवले होते. सांगू नये हेच शहाणपणाचं होतं. पण न सांगणं म्हणजे आईची जागा घेणं होतं, दारात उभं राहून बघणं, आणि ते तिला जमलं नसतं. बाबा बशीतल्या तुकड्यांवर बोट टेकवत ऐकत होते. मध्येच त्यांचं बोट थांबलं. त्यांचा चेहरा तिनं इतक्या वर्षांत इतका रिकामा पाहिला नव्हता. त्यावर काहीच तयार होत नव्हतं, ना गोष्ट, ना उत्तर. "तू निळी पडली होतीस?" त्यांनी विचारलं. "मावशी म्हणते." "मला कोणी सांगितलं नाही." "तुम्ही नव्हता." "हो," ते म्हणाले. "नव्हतो." मग म्हणाले, "आणि मी तिला म्हटलं होतं, तू माझं झाड मारलंस. आठवडाभर बोललो नाही." त्यानंतर ते उठून आतल्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. ती दाराशी दोनदा जाऊन आली. आत ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. श्वास चालू होता. झोपलेल्या माणसाचा नव्हता.

पुढे दहा दिवस ते जेमतेम बोलले. ती कामावर जायची, यायची, दोघं जेवायची, बातम्या बघायची. घरात एकही थाप मारली जात नव्हती आणि ते घर तिला फार मोठं वाटू लागलं. आपण एक माणूस आणला आणि त्यातलं निम्मं काढून टाकलं, असं तिला एकदा वाटलं. पण तो विचार फार नेटका होता, म्हणून तिनं सोडून दिला. दादानं फोनवर विचारलं, "बाबा कसे आहेत?" ती म्हणाली, "शांत आहेत." "शांत?" दादा दचकला. "डॉक्टरला दाखव."

अकराव्या दिवशी ती दुपारीच घरी आली. दार लोटलेलं होतं. बैठकीत बाबा आणि तळमजल्यावरचे निवृत्त शिंपीकाका बसले होते. काकांच्या भावाच्या वाणसामानाच्या दुकानात पूर्वी बाबांच्याच कंपनीचा काटा असल्याचं निघालं होतं, तेवढ्यावर ओळख झालेली. ती स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा पेला भरला आणि तिथंच उभी राहिली, कारण बाबांचा आवाज आज वेगळा होता, चढता, रुळलेला. "आमच्या परसातलं बदामाचं झाड," ते सांगत होते, "बी मी आणलं, घाटावरचं. पण झाड कडू निघालं. काय सांगू तुम्हाला, जहर. तर माझ्या बायकोनं काय करावं? कोणाला न सांगता डोळा भरायला शिकली, करवतीनं झाड कापलं, आणि गोडाचं कलम केलं. एकटीनं. दोन पोरं पदरात, आणि मी नाही घरी. मी नव्हतो, बरं का. सहासहा महिने नसायचो. आणि मला एका शब्दानं बोलली नाही. चाळीस वर्षं मी ते बदाम माझे म्हणून वाटत फिरलो." शिंपीकाका म्हणाले, "म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत कळलंच नाही?"

तिनं पेला ओट्यावर ठेवला.

"छे हो," बाबा म्हणाले. "मला पहिल्या दिवशीच कळलं. आलो, झाड बघितलं, सांधा दिसला. मी काट्यांचा माणूस, मला जोड कळत नाही? पण मी काय केलं, मुद्दाम रागावलो. आठवडाभर बोललो नाही. म्हटलं, हिला वाटू दे, आपलं खपलं. तिला तेवढंच सुख."

शिंपीकाका वा वा म्हणाले. ती दारापर्यंत आली होती. त्या रविवारचा तो रिकामा चेहरा तिनं स्वतः पाहिला होता, हातभर अंतरावरून, आणि तो चेहरा बनवता येण्यासारखा नव्हता. एवढी तरी तिला खात्री होती. खात्री होती, पण तो माणूस आयुष्यभर चेहरेच बनवत आला होता. तिनं मनातल्या मनात ते वाक्य उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, आई भाजी निवडतेय, बाबा पायऱ्यांवर पाठ फिरवून बसलेत, दोघंही एकमेकांना काही कळू नये म्हणून गप्प. त्यातलं एकही पान तपासायला तोडून आणता येणार नव्हतं. बाबांनी तिला दारात पाहिलं आणि क्षणभर त्यांचा हात हवेत राहिला.

"ही आमची पोरगी," ते काकांना म्हणाले. "हिला सगळं ठाऊक आहे. विचारा हवं तर."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"हो का," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. आधण ठेवेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही की तो शब्द आपण कुणाच्या सुरात उच्चारला.